जुन्या गाडीचा खर्ज

आवाजाची तीन स्थाने आपल्या पूर्वजांनी सांगून ठेविली आहेत. उरातून निघतो तो मंद्र, कंठातून निघतो तो मध्य आणि मस्तकातून निघतो तो तार. नाट्यशास्त्रात ही व्यवस्था आहे. पाणिनीय शिक्षेत तर प्रातःसवनास मंद्र, माध्यंदिन सवनास मध्य आणि तृतीय सवनास तार अशी दिवसाच्या वेळांशी त्यांची सांगडही घातलेली आहे. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकविताना ही तीन स्थाने आम्ही किती वेळा फळ्यावर लिहिली असतील, याची गणती नाही. परंतु मंद्र स्वर कानाने ऐकावयाचा की छातीने, याचा उलगडा आम्हांस सेवानिवृत्तीनंतर झाला. आणि तोही देवळात किंवा गाण्याच्या बैठकीत नव्हे, तर एका जुन्या मोटारगाडीत बसल्यावर!

वाचक हसतील. पंचांग चाळणारा एक म्हातारा मास्तर आणि मोटारीतल्या ध्वनिवर्धकाच्या गोष्टी! वर्षापूर्वी कोणी असे सांगितले असते, तर आम्हीही हसलो असतो. आमचे गाव सुपा. पारनेर तालुक्यातले, नगर-पुणे हमरस्त्यावरचे. एके काळी पावसाकडे डोळे लावून बसणारा हा टापू. आता रस्त्यालगत औद्योगिक वसाहत उभी आहे आणि दूरच्या पठारावर पवनचक्क्यांची पाती फिरताना दिसतात. वसाहत आली तशी रहदारी आली, आणि रहदारीबरोबर ‘धाड् धाड्’ करीत जाणाऱ्या मोटारीही आल्या. तशी एखादी वाड्यावरून गेली की खिडक्यांची तावदाने थरथरतात, आणि आमच्या वहिनी देवघरातूनच म्हणतात, “आली वरात!” या आवाजाविषयी आमचे मत यापेक्षा काही निराळे नव्हते.

अशा घरात ती गाडी आली.

आमच्या थोरल्या बंधूंचा नातू वसाहतीतल्या एका कारखान्यात अभियंता आहे. नोकरीस तीन वर्षे झाल्यावर त्याने साठविलेल्या पैशांतून एक जुनी मोटार घेतली. घेतली ती तरी कोणती? ‘सॅन स्टॉर्म’ नावाची, दोन आसनांची! १९९८ च्या सुमारास सॅन मोटर्स या भारतीय कंपनीने ही चिमुकली क्रीडामोटार बाजारात आणिली होती. अंग पत्र्याचे नव्हे, फायबरग्लासचे. इंजिन रेनोचे, बाराशे घनसेंटिमीटरांहून किंचित लहान. आणि टप कापडी, मागे दुमडून टाकता येणारे. अशा गाड्या निघाल्या त्याच थोड्या, आणि आज रस्त्यावर दिसतात त्या त्याहूनही थोड्या. हौशी मंडळींस त्यांचे मोल मोठे. पण आमचे घर अकरा माणसांचे! अकरा माणसांच्या घरात दोन आसनांची गाडी म्हणजे सार्वजनिक पंगतीत एकच पाट मांडण्यासारखे झाले. दादांचे, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंचे, म्हणणे असे की त्या पैशांत माजघरावरचे छप्पर झाले असते. नातवाचे म्हणणे असे की छपराचे पैसे तो दिवाळीला देणारच आहे. दोघांचेही खरे होते, आणि म्हणूनच तंटा मिटेना. दादांनी नातवाशी बोलणे टाकले. पानावर बसले तरी, “त्याला भात वाढा” असे तिसऱ्याकडून सांगावयाचे.

यात आणखी एक दुःख होते, ते दादा बोलून दाखवीत नसत. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षे गावच्या भजनी मंडळात त्यांनी पखवाज धरला. पण गेल्या पाच-सहा वर्षांत कान उतरला. नगरच्या कानाच्या डॉक्टरांनी समजाविले ते असे, की वार्धक्यात बारीक, वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. खालचे पुष्कळ काळ टिकतात. स, त, क, प ही व्यंजने वरच्या पट्टीत असतात, म्हणून माणूस बोलतो आहे हे कळते, पण काय बोलतो ते कळत नाही. डॉक्टरांनी दिलेले श्रवणयंत्र दादा लावीत, पण गाणे ऐकावयास ते त्यांस मानवले नाही. “माणसांच्या बोलण्यापुरते ठीक आहे, टाळ मात्र त्यात पत्र्यासारखे वाजतात,” असे म्हणून त्यांनी भजनास जाणेच सोडून दिले होते.

आता त्या गाडीकडे वळू. गाडीत मूळचे दोन लहान स्पीकर दारांत होते. त्यांतून गाणे येई, पण नुसते वरवरचे. मीठ विसरलेल्या आमटीसारखे. “आबा, याला बेस नाही,” असे नातू आम्हांस म्हणे. बेस म्हणजे खर्ज, एवढे आम्हांस समजले. तो खर्ज आणावा म्हणून त्याने एका दुकानात गाडी नेली. दुकानदाराने एक भला मोठा पेटारा आणि एक ॲम्प्लिफायर आसनांमागे कोंबला, तारा जोडल्या आणि दोन तासांत गाडी परत दिली. पहिल्या दिवशी वाड्याची तावदाने वाजली. चौथ्या दिवशी, रविवारी सायंकाळी, नगरहून परतताना आसनामागून धूर निघू लागला.

सुदैवाने पोराने प्रसंगावधान राखिले. गाडी कडेला घेऊन, पाना लावून त्याने बॅटरीची तार सोडविली. बोटे पोळली, एक आसन डागाळले. त्याहून अधिक काही झाले नाही. तो घरी आला तेव्हा दादा ओट्यावर बसले होते. त्यांनी त्याची बोटे पाहिली, आणि दोन महिन्यांनी पहिले वाक्य त्याच्याशी बोलले : “गाडी जळाली तर जळू दे, आत बसून राहिला असतास तर?” मग आत जाऊन स्वतः तुपाची वाटी घेऊन आले, आम्ही ती घेऊन ठेविली आणि बोटे थंड पाण्याखाली धरविली, कारण पोळल्यावर तूप लावू नये असे आता डॉक्टर सांगतात. परंतु ती वाटी आणण्यातच तंट्याची पहिली गाठ सैल झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही या प्रकरणात शिरलो. चूक कोठे झाली हे कळल्यावाचून शिक्षा करू नये, हा आमचा शाळेतला नियम. चूक निघाली ती अशी. मोटारीत विजेची एक तार बॅटरीपासून यंत्रापर्यंत जाते. परतीची वाट मात्र सामान्यतः गाडीच्या लोखंडी अंगातूनच असते. ॲम्प्लिफायरची परतीची तार म्हणूनच जवळच्या पत्र्यास स्क्रूने आवळून टाकण्याची रीत आहे. पण या गाडीचे अंग फायबरग्लासचे! त्यातून वीज वाहत नाही. दुकानातल्या कारागिराने फायबरग्लासवर बसविलेल्या एका लोखंडी पट्टीस तार आवळली होती, आणि ती पट्टी खालच्या सांगाड्यास कोठेच जोडलेली नव्हती. विजेस परतीचा राजरस्ता मिळेना, तेव्हा तिने आडवाट धरली. गाण्याचा संकेत वाहणारी जी बारीक तार असते, तिच्या वेष्टनातून ती परतू लागली. पाटाचे पाणी सुईच्या नेढ्यातून जावयास लागावे तसे झाले. तार तापली, तिचे आवरण वितळले आणि धूर निघाला. त्यात बॅटरीजवळ फ्यूज बसविलेलाच नव्हता. वितळलेल्या तारा एकमेकींस टेकल्या असत्या, तर विजेस आवरणारे वाटेत कोणीच नव्हते. जुनी गाडी, फायबरग्लासचे अंग, जवळच पेट्रोल. पुढचे लिहावयास नको.

ही झाली जिवाची गोष्ट. आता कानाची. इतका मोठा पेटारा बसवूनही जो खर्ज आला तो खर्ज नव्हता; ती नुसती धमधम होती, असे नातूच सांगू लागला. याचे कारण काय? येथे थोडे पदार्थविज्ञान सांगणे प्राप्त आहे. वाचकांनी कंटाळू नये.

नाद म्हणजे हवेची कंपने. सेकंदास वीसपासून वीस हजारांपर्यंतची कंपने तरुण कानास ऐकू येतात. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गवयाचा षड्ज सेकंदास सुमारे १३९ कंपनांचा, आणि त्याच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार त्याच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे ६९ कंपनांची. नातवाच्या आवडीच्या संगीतात चाळीस कंपनांपर्यंत खाली जावे लागते. आता मौज अशी, की जितके खाली जावे तितकी हवा अधिक ढकलावी लागते. एक सप्तक खाली तेवढ्याच जोराचा आवाज काढावयाचा, तर स्पीकरच्या पडद्याने चौपट हवा हलविली पाहिजे. दारातल्या पाच-सहा इंची पडद्यास हे ओझे झेपत नाही. तो बिचारा मागेपुढे धडपडतो, फाटक्या आवाजात ओरडतो, आणि खर्ज मात्र निघत नाही.

दुसरी अडचण त्याहून सूक्ष्म आहे. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. या दोन्ही हवांस एकमेकींकडे जावयास वाट मिळाली, तर त्या परस्परांस भरून काढतात आणि आवाज जागच्या जागी विरतो. जितका आवाज खालचा, तितका हा घात अधिक. म्हणूनच १९२५ साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी आजच्या धर्तीचा स्पीकर जगापुढे मांडिला, तेव्हापासून त्याच्या पुढच्या आणि मागच्या हवेत भिंत घालण्याचा प्रश्न त्याला चिकटलेलाच आहे. मोटारीच्या दारास आतून भोके असतात. काच सरकविण्याच्या यंत्रासाठी, तारांसाठी, कुलुपासाठी. त्या भोकांतून मागची हवा पुढे येते. म्हणजे खर्ज तयार होतो, पण ऐकू येण्याआधीच पोबारा करतो.

तिसरी अडचण खुद्द गाडीची. चार नळकांड्यांच्या इंजिनात दर फेऱ्यास दोन स्फोट होतात. गाडी उभी असता इंजिन मिनिटास नऊशे फेरे घेत असेल, तर सेकंदास तीस स्फोट झाले. तीन हजार फेरे घेऊ लागले तर शंभर. म्हणजे इंजिनाची घरघर नेमकी खर्जाच्या ओसरीवरच बैठक मारून बसते! त्यात चाकांचा आणि रस्त्याचा आवाजही बहुतांशी खालचाच. गाडी धावू लागली की गाण्यातला खर्ज या गोंगाटात बुडतो आणि वरचे स्वर तेवढे तरंगत राहतात. कानाचाही यात दोष आहे. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी प्रयोगांनी दाखविले, की आवाज लहान असता आपल्या कानास खालचे स्वर वरच्यांच्या मानाने फारच कमी ऐकू येतात. म्हणून माणूस आवाज वाढवीत जातो, आणि शेजारी हैराण होतो.

एवढे विघ्नांचे पुराण सांगितल्यावर आता एक वरदान सांगितले पाहिजे. चाळीस कंपनांच्या नादाची एक लहर सुमारे अठ्ठावीस फूट लांब असते, आणि या गाडीची बैठक जेमतेम सहा फुटांची. इतक्या लहान जागेत एवढी लांब लहर मावतच नाही. बंद गाडीतली सगळी हवा मग भात्यातल्या हवेसारखी एकदम दाबली आणि सोडली जाते. त्यामुळे मोकळ्या मैदानात जो खर्ज क्षीण वाटेल तोच बंद गाडीत आपोआप बळावतो, आणि गाडी जितकी लहान तितका हा लाभ अधिक. मोठ्या गाडीवाल्यांनी हेवा करावा अशी ही गोष्ट! मात्र टप उघडले की सारे वाऱ्यावर गेले.

हे सगळे आम्ही नातवाबरोबर वाचून, कागदावर आकडेमोड करून समजून घेत होतो. आणि दादा कोपऱ्यात बसून पाहत होते. ऐकू येत नसले तरी कागदावरचे चित्र दिसत होते. पेटीच्या आकाराविषयी आमचा वाद चालला होता. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिहींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी मिळतात. तिसरी सोडावी लागते, असा अँटन हॉफमन या ध्वनितज्ज्ञाच्या नावे ओळखला जाणारा नियम आहे. दुकानदाराच्या पेटाऱ्याने आवाज मोठा केला होता, खोली गमावली होती. आम्ही दादांस पाटीवर लिहून विचारले : “लहान पेटीत खोल आवाज कसा निघावा?”

दादांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “कणीक लावा.”

आम्ही दोघेही अवाक् झालो, कारण म्हाताऱ्याने मर्मावरच बोट ठेविले होते. पखवाजाच्या डाव्या तोंडास वाजविण्यापूर्वी भिजविलेली कणीक थापतात. तिच्या वजनाने कातडे जड होते, सावकाश हलते, आणि त्याचा स्वर खाली उतरतो. उजव्या तोंडास आणि तबल्यास शाई असते, तिचेही मर्म वजनातच आहे. त्या वजनामुळे चामड्याचे बेसूर उपस्वर सुरात कसे येतात, याविषयी चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी एका सहकाऱ्यासह १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिले होते. लहान बंद पेटीसाठी जे स्पीकर करतात त्यांचा पडदा असाच मुद्दाम जड आणि सैल केलेला असतो, आणि पेटीत कोंडलेली हवा त्यास स्प्रिंगप्रमाणे आवरून धरते. एडगर विलचर या अमेरिकन शिक्षकाने १९५४ साली याच युक्तीने कपाटाएवढी पेटी पुस्तकांच्या फळीवर ठेवण्याजोगी लहान केली. त्याची किंमत म्हणून वीज अधिक लागते. हॉफमनचा नियम कोणासही सोडीत नाही. “पण कणीक फार झाली की आवाज खोल जातो आणि बसतो, ठेका घोटाळतो,” असेही दादांनी बजाविले. नातवाने ते वाक्य वहीत लिहून घेतले. त्या संध्याकाळी दादांनी त्याला, कोणाच्या मध्यस्थीवाचून, “भात घे” म्हणून सांगितले.

आता आम्ही प्रत्यक्ष काय केले ते क्रमाने सांगतो; कोणाच्या घरी अशी जुनी गाडी आणि असा नातू असेल तर उपयोगी पडेल.

प्रथम दारे. आतील आच्छादन काढून सर्व मोठी भोके पातळ पत्र्याने झाकली आणि कडा बुजविल्या. मात्र पावसाचे पाणी खालून निघून जावयाची छिद्रे तशीच ठेविली. मग दाराच्या आतल्या अंगास ब्युटिल रबराचे, वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेले चिकट पट्टे दाबून बसविले. फायबरग्लास हलके असल्याने थरथरते. हे वजन म्हणजे पुन्हा कणीकच. एवढ्यानेच जुन्या स्पीकरांचा आवाज भरदार झाला. ज्यांस अधिक खर्च करावयाचा नसेल त्यांनी येथेच थांबावे.

दुसरे, स्पीकरच्या तारांची दिशा. दोन स्पीकरांपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या असतील तर एक पडदा पुढे जाताना दुसरा मागे जातो आणि खर्ज नाहीसा होतो. याची परीक्षा अगदी सोपी. स्पीकरच्या तारा सोडवून त्यांस दीड व्होल्टचा घड्याळातला सेल क्षणभर टेकवावा. सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकास लागले तर पडदा बाहेर येतो. आमच्या गाडीत डाव्या दारातला स्पीकर उलटा निघाला. कदाचित पहिल्यापासूनच तसा असेल. इतकी वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही.

तिसरे, पेटी. आसनांमागच्या जागेचे पुठ्ठ्याचे माप घेऊन, अठरा मिलिमीटर जाडीच्या दाबीव फळीची, आत सुमारे तेरा लिटर हवा राहील अशी बंद पेटी गावच्या सुताराकडून करविली. तीत आठ इंची सबवूफर. सांधे डिंकाने भरून घेतले, कारण बंद पेटीतून हवा निसटली तर ती बंद राहतच नाही. पेटी खालच्या लोखंडी सांगाड्यास बोल्टांनी जखडली. करकचून ब्रेक लागल्यावर वीस शेर वजनाची वस्तू पाठीवर येऊ नये, ही दक्षता सर्वांनी घ्यावी.

चौथे, वीज, येथे कंजुषी करू नये. आमचा ॲम्प्लिफायर अडीचशे वॉटचा, डी वर्गाचा. त्यात वीज फुकट थोडी जाते. तरी पूर्ण भरात तो बावीस-तेवीस अँपिअर ओढतो. दोन्ही मुख्य दिव्यांच्या दुपटीहून अधिक. त्यास दहा चौरस मिलिमीटरची अस्सल तांब्याची तार घातली, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर तीस अँपिअरचा फ्यूज बसविला. फ्यूज हा यंत्राच्या नव्हे, तारेच्या रक्षणासाठी असतो. म्हणून तो बॅटरीजवळच हवा. परतीची तार तेवढ्याच जाडीची घेऊन थेट बॅटरीच्या उणे टोकापर्यंत नेली. फायबरग्लासच्या गाडीत हाच एक निर्धोक मार्ग. जिथे तार भिंतीतून जाते तिथे रबरी कडे घातले, म्हणजे धारेने आवरण कापले जात नाही.

पाचवे, कामाची वाटणी. ऐंशी कंपनांच्या खालचे सर्व सबवूफरकडे आणि वरचे दारांकडे, अशी ॲम्प्लिफायरच्या खुंट्यांनी व्यवस्था केली. दारातल्या लहान स्पीकरांवरचे ओझे उतरले आणि त्यांचा गळाही मोकळा झाला. एकत्र कुटुंबात जो तो आपापले काम पाहू लागला की घराचा आवाज सुधारतो, तसेच हे. सबवूफरचा जोर आम्ही असा ठेविला, की तो बंद केल्यावाचून तो आहे हे कळू नये. नातवास तो थोडा अधिक हवा होता, तोडजोड झाली.

एकंदर खर्च आमच्या वहीप्रमाणे सोळा हजार चारशे रुपये झाला. त्यातले चार हजार आम्ही दिले, हे येथे कबूल करतो. घरात अद्याप सांगितलेले नाही.

गाडी सिद्ध झाली तेव्हा पहिले गाणे कोणते लावावे, हा प्रश्न होता. नातू घुटमळला. मग त्याने खिशातला फोन काढला. आमच्या भजनी मंडळाचे एक जुने मुद्रण त्याच्याजवळ होते. दादांच्याच पखवाजाचे, कान उतरण्यापूर्वीचे. ते त्याने कधी करून ठेविले होते, आम्हांस ठाऊक नव्हते. फोनच्या इवल्या स्पीकरात खर्ज मुळीच नसतो. वरच्या उपस्वरांवरून मन तो कल्पून घेते. पण दादांचे वरचे स्वर गेलेले. त्यांस कल्पावयासही काही उरले नव्हते. म्हणून फोनवर लावून दाखविले तरी ते मान हलवून परत देत.

दादांस पुढच्या आसनात बसविले, टप बसविले, काचा चढविल्या. दुसऱ्या आसनात नातू बसला, आम्ही बाहेर. दोनच आसने! काचेतून दिसत होते तेवढे सांगतो. आधी दादा समोर पाहत स्वस्थ बसले होते. मग त्यांचा डावा तळवा मांडीवर पडला. पुन्हा पडला. मग उजव्या हाताची बोटे हलू लागली. सात-आठ आवर्तने झाल्यावर त्यांनी एकाएकी हात थांबविला, नातवाकडे वळून काही बोलले, आणि दोघेही हसू लागले. पुढे विचारले तेव्हा कळले, दादा म्हणाले होते, “येथे मी समेला चुकलो होतो. त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आले नाही.”

आम्ही काही चमत्कार झाला असे सांगत नाही. शब्द त्यांस ऐकू आले नाहीत. टाळ ऐकू आले नाहीत. गेलेला कान परत येत नाही. पण ठेका आला. तो थोडा कानावाटे आणि थोडा आसनातून, पाठीतून, उरातून आला. मंद्राचे स्थान उर आहे, हे वाक्य आम्ही इतकी वर्षे गाणाऱ्याच्या बाजूने शिकविले. ते ऐकणाऱ्याच्या बाजूनेही खरे असावे, असे त्या दिवशी वाटले.

जाता जाता दोन सूचना. पहिली तरुणांस. पंच्याऐंशी डेसिबलांचा आवाज दिवसातून आठ तासांपलीकडे कानास अपायकारक, असे कामगारांच्या आरोग्याचा विचार करणारे शास्त्रज्ञ मानतात. आणि दर तीन डेसिबल वाढीस ही मुदत निम्मी होते. म्हणजे शंभर डेसिबलांस पंधराच मिनिटे. बंद गाडीत शंभर गाठणे मुळीच अवघड नाही. कानाचे आतले सूक्ष्म रोम एकदा मोडले की पुन्हा उगवत नाहीत, दादांकडे पाहा. शिवाय खालचा नाद भिंती ओलांडून जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांत निवासी वस्तीस दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबलांची मर्यादा घातली आहे, आणि रात्र दहापासून सहापर्यंत धरली आहे. गावात शिरताना आवाज उतरविणे हे शिष्टाचाराचे काम आहे. त्यास शिपायाची गरज पडू नये.

दुसरी सूचना वडीलधाऱ्यांस. मुलांची हौस आपणांस कळली नाही तर ती टाकाऊ आहे असे धरून चालू नये. पाटी-पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसावे. हौस वाईट असेल तर ती कोठे वाईट आहे हे तरी कळेल, आणि चांगली असेल तर कदाचित आपल्याही उपयोगी पडेल.

माजघराचे छप्पर दिवाळीला झाले. गाडी अद्याप दोनच आसनांची आहे, आणि वहिनींचे तीविषयीचे मत बदललेले नाही. परंतु सकाळी कारखान्यास जाण्यापूर्वी नातू दहा मिनिटे गाडी वाड्यासमोर उभी ठेवतो. इंजिन बंद, टप चढविलेले, आवाज बाहेर ओट्यावर न येईल इतकाच. दादा पूजा आटोपून उपरणे सावरीत आत जाऊन बसतात. प्रातःसवनास मंद्र, हे पाणिनीय शिक्षेतले वचन आम्ही त्यांस पाटीवर लिहून दाखविले. ते वाचून त्यांनी पाटी परत दिली आणि म्हणाले, “ते राहू दे. आधी दार लाव. हवा निसटते आहे.”